चुरशीचा बंदोबस्त कीं मक्त्याची नांदी?

कोणत्याही पेठेंत चार व्यापारी एकत्र बसले, कीं दोन गोष्टी हटकून कानीं येतात. एक, शेजारचा भाव पाडतो आहे आणि अशानें सर्वांचेंच दिवाळें निघणार. दुसरी, आपण सर्वांनीं मिळून आतां कांहीं नियम केले पाहिजेत. तक्रार बहुधा खरी असते आणि उपायही योग्यच असतो. परंतु नियम झाल्यावर त्यांची किल्ली कोणाच्या कमरेला जाते, हा प्रश्न सभा उठेपर्यंत कोणी विचारीत नाहीं. ज्यांस तो विचारावयाचा असेल त्यांनीं अमेरिकेंत चित्रपट भाड्यानें देणाऱ्या पेढ्यांनीं १९०७ सालीं जो संघ स्थापन केला, त्याची हकीकत लक्षपूर्वक पाहावी. धंदा नवा, माणसें नवीं आणि पैसा झपाट्यानें येणारा. त्यामुळें इतर व्यापारांत जें घडून यावयास दोन पिढ्या लागतात, तें येथें आठ वर्षांत घडलें.

चित्रपटांचा धंदा सुरू झाला तेव्हां फीत विकली जात असे, आणि तीही कापडासारखी मापानें. फुटामागें दहाबारा सेंट असा साधारण भाव होता. एका रिळांत हजार फूट फीत मावे आणि तें रीळ पडद्यावर फार तर पंधरा मिनिटें चाले. ज्यानें पैसे मोजले तो त्या फितीचा पूर्ण धनी. त्यानें ती गांवोगांव हिंडून दाखवावी, जुनी झाली कीं दुसऱ्यास विकावी. कारखानदाराचा पुढें तिच्याशीं कांहीं संबंध नसे. हिंडत्या खेळवाल्यास ही रीत परवडे, कारण त्याचें चित्र तेंच असलें तरी गांव रोज नवा असे. परंतु १९०५ च्या जून महिन्यांत पिट्सबर्ग शहरीं स्मिथफील्ड रस्त्यावर हॅरी डेव्हिस व जॉन हॅरिस या दोघांनीं एका दुकानाच्या गाळ्यांत खुर्च्या मांडून पांच सेंटांत चित्र दाखविण्यास आरंभ केला, आणि सारें गणित उलटें झालें. आतां गांव तोच राहिला, म्हणून चित्र नवें हवें झालें. प्रथम आठवड्यास, मग आठवड्यांतून दोनतीनदां, आणि पुढें पुढें रोज. असलीं थिएटरें पाहतां पाहतां हजारोंनीं निघालीं. पांच सेंटांच्या तिकिटावर रोज शंभर डॉलरांची फीत विकत घेणें त्यांपैकीं कोणासच शक्य नव्हतें.

या अडचणींतूनच मधला व्यापारी पुढें आला. तो कारखानदाराकडून रीळ विकत घेई आणि एकामागून एक दहावीस थिएटरांस भाड्यानें देई. या पेढ्यांस तिकडे 'फिल्म एक्स्चेंज' म्हणत; आपण त्यांस भाडेपेढ्या म्हणूं. १९०७ पर्यंत त्यांची संख्या शंभराच्या वर गेली होती आणि शिकागो हें त्यांचें एक मोठें ठाणें बनलें होतें. त्यांतील पुष्कळसे मालक काल-परवांपर्यंत कापड, कपडे किंवा किरकोळ माल विकणारे होते. कार्ल लेम्ल हा गृहस्थ कपड्यांच्या दुकानाचा व्यवस्थापक होता. १९०६ सालीं त्यानें शिकागोस एक थिएटर उघडलें आणि वेळेवर चांगली फीत मिळेना म्हणून स्वतःच भाडेपेढी काढली.

आतां या धंद्यांत जी अनिष्ट चुरस माजली तिचें स्वरूप नीट समजून घेणें जरूर आहे, कारण 'गैरवाजवी स्पर्धा' या एकाच शब्दाखालीं पुष्कळ वेगवेगळ्या गोष्टी दडपल्या जातात. त्यांतील पहिली म्हणजे उघड उघड चोरी. विकत घेतलेल्या फितीवरूनच नवी निगेटिव्ह तयार करावयाची आणि तीवरून हव्या तितक्या प्रती छापून विकावयाच्या! फ्रेंच कलावंत जॉर्ज मेलिएस याच्या चंद्रावरील सफरीच्या १९०२ मधील सुप्रसिद्ध चित्राच्या अशा प्रती अमेरिकेंत सर्रास खपल्या. त्या खपविणाऱ्यांत फिलाडेल्फियाचा सिग्मंड लुबिन होता, तशी खुद्द एडिसनची कंपनीही होती. कंटाळून मेलिएसनें १९०३ सालीं आपल्या भावास न्यूयॉर्कला दुकान मांडून बसविलें. मौज अशी कीं, त्याच वर्षीं एडिसननें लुबिनविरुद्ध आपल्या एका चित्राच्या नकलेबद्दल चालविलेल्या दाव्यांत वरिष्ठ न्यायालयानें एडिसनच्या बाजूनें निकाल देऊन चित्रपटाचा मालकी हक्क मान्य केला. दुसऱ्याच्या नकला विकणारानें आपल्या नकलेबद्दल न्याय मागावा आणि तो मिळावाही, हें व्यापारांत नवीन नाहीं.

दुसरा प्रकार विश्वासघाताचा. एका थिएटरानें भाड्यानें आणलेलें रीळ मधल्या वेळांत शेजारच्या थिएटरास परस्पर द्यावयाचें, आणि भाडें मात्र एकाचेंच भरावयाचें. पोरगा सायकलवर रीळ घालून धांवे, म्हणून या प्रकारास त्या लोकांत 'सायकलिंग' असेंच नांव पडलें होतें. कांहीं पेढ्याही एकमेकींच्या फिती पोटभाड्यानें देत आणि मूळ मालकास पत्ता लागूं देत नसत.

तिसरा प्रकार मात्र चोरीचा नव्हे आणि विश्वासघाताचाही नव्हे. तो निव्वळ भाव पाडण्याचा. रीळ एकदां विकत घेतलें कीं त्याची किंमत बुडीत धरावयाची. तें कपाटांत पडून राहिलें तर दमडीही येत नाहीं. म्हणून जें भाडें मिळेल तें मिळकतच, असा हिशेब प्रत्येक पेढी करूं लागली. एकानें आठवड्यास अमुक डॉलर म्हटलें कीं दुसरा त्याहून कमी सांगे. भाडें उतरलें म्हणजे नवी फीत घेण्यास पैसा उरत नाहीं. मग जुनीच फीत महिनोन् महिने फिरवावयाची. तिच्यावर उभे ओरखडे पडून पडद्यावर पाऊस कोसळत असल्यासारखें दिसे, दांते फाटून चित्र उड्या मारी, आणि पांच सेंट देऊन आलेला मजूर अर्ध्या तासानें डोळे चोळीत बाहेर पडे. त्या काळच्या गरीब वस्त्यांतील बायामुलांची ही एकुलती एक करमणूक होती, हें ध्यानांत घेतलें म्हणजे भाडेपेढ्यांची ही मारामारी केवळ त्यांची खाजगी बाब नव्हती, हें उघड होईल.

१९०७ च्या नोव्हेंबरांत पिट्सबर्ग येथें या भाडेपेढ्यांचे मालक एकत्र जमले आणि त्यांनीं 'युनायटेड फिल्म सर्व्हिस प्रोटेक्टिव्ह असोसिएशन' या नांवाचा संघ काढला. डिसेंबरांत शिकागोस पुन्हां बैठक झाली, आणि १९०८ च्या फेब्रुवारींत बफेलो येथील सभेंत त्याचेंच 'फिल्म सर्व्हिस असोसिएशन' असें सुटसुटीत नामकरण झालें. नकला करावयाच्या नाहींत; पोटभाड्यानें द्यावयाचें नाहीं; वापरलेल्या फिती बाजारांत विकावयाच्या नाहींत, ठराविक मुदतीनंतर त्या कारखानदाराकडे परत करावयाच्या; आणि भाड्याचे ठरलेले किमान दर पाळावयाचे; असा त्या नियमांचा सारांश होता.

येथपर्यंत वाचून आमचे व्यापारी वाचक 'उत्तम झालें' असेंच म्हणतील. नकला, पोटभाडें आणि कुजक्या फिती यांविरुद्धचे नियम आम्हांसही सर्वस्वीं मान्य आहेत. ते प्रामाणिक व्यापाऱ्याचें लुच्च्यापासून रक्षण करितात आणि त्यांत ग्राहकाचाही लाभ आहे. परंतु किमान दराचा नियम त्यांच्याच पंक्तीस बसविला गेला, हें आम्हांस खटकतें. भाव पाडणारा हा चोर नव्हे. तो मूर्ख असेल, उतावळा असेल, परंतु त्याच्या स्वस्ताईचा फायदा कोणा तरी लहान थिएटरवाल्यास मिळत असतो. चोरास आणि स्वस्त विकणारास एकाच कलमाखालीं शिक्षा सांगणारा संघ आपल्या हेतूंत दोन निरनिराळीं वजनें एकाच पारड्यांत टाकीत असतो. आणि व्यवहारांतही तसेंच झालें. दराचें कलम सभासदांनीं स्वतःच पाळलें नाहीं. वरकरणीं दरपत्रक भिंतीवर आणि आंतून सूट, हा प्रकार १९०८ सालभर चालूच राहिला.

याहूनही मोठी गोष्ट पुढेंच आहे. या सभांत भाडेपेढीवाले एकटे नव्हते, कारखानदारही होते. १९०७ च्या ऑक्टोबरांत शिकागोच्या न्यायालयानें सेलिग याच्या कंपनीविरुद्ध, ती एडिसनच्या कॅमेऱ्याच्या पेटंटाचा भंग करिते, असा निकाल दिला होता. तेव्हां बहुतेक कारखानदारांनीं कोर्टकचेरीचा नाद सोडून एडिसनकडून परवाना घेतला व फुटामागें अर्धा सेंट स्वामित्वधन देण्याचें कबूल केलें. आणि भाडेपेढ्यांच्या संघानें काय कबूल केलें? तर आपले सभासद याच परवानेदार कारखानदारांकडून माल घेतील, इतरांकडून घेणार नाहींत. बायोग्राफ ही कंपनी आपलीं स्वतःचीं पेटंटें घेऊन बाहेर राहिली व परदेशी चित्रें आणणारा जॉर्ज क्लाइन तिला मिळाला. झालें! ज्या संघाचा जन्म भाडेपेढ्यांतील चुरस आवरण्यासाठीं झाला होता, तो थोड्याच महिन्यांत दोन पेटंटवाल्यांच्या लढाईंत एका बाजूची फौज बनला. माल कोठून घ्यावा हें ठरविण्याचें स्वातंत्र्य हेंच व्यापाऱ्याचें खरें भांडवल; तें या मंडळींनीं दरपत्रकाच्या बदल्यांत देऊन टाकलें.

लढणारे दोघे अर्थातच लवकर समेटास आले. १९०८ च्या डिसेंबरांत एडिसन व बायोग्राफ यांनीं आपलीं पेटंटें एका 'मोशन पिक्चर पेटंट्स कंपनी'च्या स्वाधीन केलीं आणि दहा कारखानदार तिच्या छत्राखालीं आले. कच्च्या फितीचा सर्वांत मोठा कारखाना जो ईस्टमन याचा, त्यानें आपली फीत या परवानेदारांसच पुरविण्याचा करार केला. १९०९ च्या जानेवारींत भाडेपेढ्यांपुढें नवे करारनामे ठेवण्यांत आले. फीत यापुढें विकली जाणार नाहीं, केवळ वापरण्यास मिळेल. परवाना नसलेल्या कारखान्याची एक फूटही फीत घेतां कामा नये. परवाना नसलेल्या थिएटरास ती देतां कामा नये. प्रत्येक थिएटरानें, स्वतःच्या पैशानें विकत घेतलेलें यंत्र वापरीत असला तरी, आठवड्यास दोन डॉलर पेटंट्स कंपनीस द्यावे. आणि भाडेपेढीचा परवाना कारण न दाखवितां चौदा दिवसांच्या नोटिशीनें रद्द करतां येईल.

या चौदा दिवसांच्या कलमावर वाचकांनीं क्षणभर थांबावें. वर्षभरापूर्वीं याच व्यापाऱ्यांनीं आपला संघ काढला तेव्हां दंड कोणास करावा, कोणास काढावें, हें निदान त्यांचीच सभा ठरवीत होती. आतां सभा नाहीं, मतदान नाहीं, अपील नाहीं. चौदा दिवस आणि दुकानास कुलूप. संघ नांवास शिल्लक होता, परंतु त्यास ठरविण्यासारखें कांहींच उरलें नव्हतें. पुष्कळांनीं सह्या केल्या, कारण सही न करणारास उद्यां थिएटरांस द्यावयास रीळ कोठून मिळणार? आम्हांस त्यांची कींव येते, परंतु आश्चर्य वाटत नाहीं. 'अमक्याकडूनच घेऊं' असें ज्यानें एकदां लिहून दिलें, त्यास पुढें 'अमक्या अटीवरच देऊं' असें ऐकून घ्यावें लागतें.

पेटंट्स कंपनीच्या बाजूनें जें बोलतां येईल तें न बोलणें अन्यायाचें होईल. तिनें जुन्या फिती परत घेतल्यामुळें पडद्यावरील पाऊस कमी झाला. नवीं चित्रें ठराविक वारीं निघूं लागलीं. नकलांचा व्यापार बराच आटला. १९०८ च्या नाताळाच्या आदल्या दिवशीं न्यूयॉर्कच्या महापौरानें शहरांतील सर्व चित्रगृहें एका हुकुमासरशीं बंद केलीं, तेव्हां या धंद्याची अब्रू किती पातळ आहे हें सर्वांस कळून चुकलें होतें. पुढच्या वर्षीं स्थापन झालेल्या परीक्षण मंडळाशीं सहकार्य करून तिनें ती अब्रू सांवरण्यास हातभार लावला. हें सर्व खरें आहे. परंतु हीं सर्व कामें भाडेपेढ्यांच्या मूळ संघासही करतां आलीं असतीं. त्यासाठीं चौदा दिवसांचें कलम लागत नव्हतें.

लेम्लनें १९०९ च्या एप्रिलांत परवाना टाकून दिला. परवानेदार फीत मिळेना म्हणून त्यानें त्याच वर्षीं स्वतःचा चित्रनिर्मितीचा कारखाना काढला, आणि व्यापारी पत्रांत जाहिरातींमागून जाहिराती देऊन मक्तेदारांची यथेच्छ टर उडविली. त्याच्यावर व त्याच्या साथीदारांवर पेटंटभंगाचे दावे पावसासारखे कोसळले. तरी तो हटला नाहीं. १९१० च्या एप्रिलांत मक्तेदारांनीं पुढचें पाऊल टाकलें. 'जनरल फिल्म कंपनी' स्थापून त्यांनीं परवानेदार भाडेपेढ्या एकामागून एक विकत घेण्यास सुरुवात केली. जी विकत मिळेना तिचा परवाना रद्द होई. १९१२ पर्यंत त्यांच्यापैकीं उल्लेखण्याजोगी एकच स्वतंत्र पेढी उरली, ती न्यूयॉर्कच्या विल्यम फॉक्सची. १९०७ च्या सभेंत हात वर करून नियम मंजूर करणाऱ्यांचीं बहुतेक दुकानें पांच वर्षांत त्यांच्या मालकीचीं राहिलीं नव्हतीं.

फॉक्सचाही परवाना काढून घेण्यांत आला. तो कोर्टांत गेला, सरकारदरबारीं त्यानें तक्रार नेली, आणि १९१२ च्या ऑगस्टांत अमेरिकन सरकारनेंच पेटंट्स कंपनी व जनरल फिल्म कंपनी यांजवर १८९० च्या शेर्मन कायद्यान्वयें खटला भरला. १ ऑक्टोबर १९१५ रोजीं पेनसिल्व्हानियांतील न्यायालयानें निकाल दिला, कीं पेटंटाच्या रक्षणास जेवढें जरूर त्याच्या कितीतरी पलीकडे या मंडळींचे करार गेले असून ते व्यापाराचा बेकायदेशीर संकोच करितात. १९१७ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें दुसऱ्या एका खटल्यांत असा निर्णय दिला, कीं चित्र दाखविण्याचें यंत्र विकणारानें, त्यावर अमकीच फीत चालविली पाहिजे, अशी अट लादतां येणार नाहीं. त्या खटल्यांत प्रतिवादी होती युनिव्हर्सल कंपनी, म्हणजे लेम्लचीच!

ही कथा येथेंच सोडली तर ती लहानांच्या विजयाची गोड गोष्ट होईल. परंतु स्वतंत्र म्हणविणाऱ्यांनींही १९१० सालीं आपली एक समाईक विक्री कंपनी काढली होती आणि तिच्या दाराशीं अडलेल्या छोट्या कारखानदारांनीं 'ही तर दुसरी मक्तेदारी' अशी ओरड लवकरच सुरू केली. १९१२ मध्यें ती फुटली व तिच्यांतून युनिव्हर्सल आणि म्युच्युअल हे दोन तट निघाले. पुढें चित्रें काढणें, वांटणें आणि दाखविणें हे तिन्ही व्यवहार एकाच मुठींत आणणाऱ्या मोठ्या कंपन्या उभ्या राहिल्या, त्यांत फॉक्सच्या नांवाची कंपनी अग्रभागीं होती. १९४८ च्या मे महिन्यांत अमेरिकन सर्वोच्च न्यायालयानें पॅरामाउंट खटल्यांत या मोठ्या कंपन्यांस दोषी ठरविलें, तेव्हां प्रतिवादींच्या यादींत फॉक्सची कंपनी होती आणि युनिव्हर्सलही होती. त्यांच्या संस्थापकांच्या हातून त्या फार पूर्वींच गेल्या होत्या, हें खरें. परंतु चौदा दिवसांच्या नोटिशीविरुद्ध झगडणाऱ्यांचीं नांवें अडवणूक करणाऱ्यांच्या यादींत यावयास छत्तीस वर्षें पुरलीं. त्या खटल्यांतून आलेले निर्बंध ऑगस्ट २०२० मध्यें न्यूयॉर्कच्या न्यायालयानें उठविले. अनेक चित्रें एकाच गठ्ठ्यानें थिएटराच्या गळ्यांत बांधण्यावरील बंदीस तेवढी आणखी दोन वर्षांची मुदत दिली.

हें सर्व परदेशचें म्हणून कोणी बाजूस सारूं नये. आपल्याकडे १९२७-२८ सालीं दिवाण बहादूर रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखालील चित्रपट समितीपुढें, मोठे वितरक थिएटरवाल्यांस हवीं तीं व नको तीं चित्रें एकत्र घ्यावयास लावतात कीं काय, याची चर्चा झाली होती. अगदीं अलीकडे, २००९ सालीं, हिंदी चित्रपटांच्या निर्माते-वितरकांनीं उत्पन्नाच्या वांटणीवरून एकजूट करून मल्टिप्लेक्सांस नवीं चित्रें देण्याचें थांबविलें. मुंबईचे ऐन सुटीचे आठवडे नव्या मोठ्या चित्रांविना गेले. भारतीय स्पर्धा आयोगानें २०११ च्या मे महिन्यांत या एकजुटीस बेकायदेशीर ठरवून सत्तावीस जणांस प्रत्येकीं एक लाख रुपये दंड केला. मल्टिप्लेक्सवाले तरी मोठे साधुपुरुष होते असें नव्हे. परंतु वांटणीचा वाद प्रत्येकानें आपापला सोडवावयाचा, सर्वांनीं मिळून माल रोखावयाचा नाहीं, हा आयोगाचा मुद्दा आम्हांस बिनतोड वाटतो.

आणखी एक प्रकरण आमच्या विषयास याहूनही जवळचें आहे. निरनिराळ्या प्रांतांतील चित्रपट-व्यापाऱ्यांच्या संघांनीं असा नियम केला होता, कीं चित्र लावण्यापूर्वीं तें संघाकडे नोंदविलेंच पाहिजे. न नोंदविल्यास सभासद थिएटरांनीं तें घ्यावयाचें नाहीं. कांहींनीं परभाषेंतील चित्र किती थिएटरांत लागावें हेंही ठरवून टाकलें होतें. संघवाल्यांचें म्हणणें नेहमींचेंच: नोंदणीमुळें एकाच चित्राचे हक्क दोघांस विकण्याची लबाडी बंद होते आणि थकबाकी बुडविणारा सांपडतो. हें म्हणणें खोटें नाहीं. १९०७ सालीं पिट्सबर्गला जमलेल्यांचेंही खोटें नव्हतें. प्रश्न एवढाच होता, कीं ज्यास लबाडीही करावयाची नाहीं आणि संघाकडेही जावयाचें नाहीं, अशा वितरकाचें चित्र लागावें कीं नाहीं? २०१२ च्या फेब्रुवारींत स्पर्धा आयोगानें त्यावर निर्णय दिला. नोंदणी ऐच्छिक असूं शकेल, परंतु तिच्यावांचून चित्र अडविणें हा कायद्याचा भंग होय, असें ठरवून त्यानें त्या संघांस दंड केला आणि तीं कलमें काढून टाकण्याचा आदेश दिला.